‘काहीतरी हटके द्या, पण घरातल्यांना चाललं पाहिजे’: या ब्रीफवर काम कसं करायचं

ठाण्यात नौपाड्यात बसून मी गेली तेरा वर्षं लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड, मसाल्याची पाकिटं, मंडळांची पावतीपुस्तकं असलं सगळं डिझाइन करते. या तेरा वर्षांत जवळपास प्रत्येक क्लायंटने पहिल्या भेटीत एकच गोष्ट म्हटलीय, ‘मॅडम, काहीतरी हटके द्या’, आणि मग चहाचा एक घोट घेऊन, ‘पण घरातल्यांना चाललं पाहिजे हां’. नवीन होते तेव्हा मला वाटायचं की पहिलं वाक्य म्हणजे खरं काम आणि दुसरं म्हणजे घाबरटपणा, त्यामुळे मी पहिल्यावर तुटून पडायचे.

त्यातलीच एक पत्रिका सांगते. जाड ऑफव्हाइट कागद, मधे फक्त दोन नावं, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात डाय (कागद कापायचा साचा) मारून तिरका कट, म्हणजे आतला केशरी कागद त्यातून डोकावेल. नवरानवरी खूश. सॅम्पल घेऊन मुलीच्या घरी गेले तर आजीने पत्रिका हातात घेतली, त्या कापलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता ती टीपॉयवर पालथी ठेवली. मी विचारलं, आजी, आवडली नाही का? तर म्हणाल्या, ‘अगं, कोपरा फाडलेलं पत्र आमच्याकडे कोणी गेलं की यायचं.’

मला हे माहीतच नव्हतं. पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला दिसला की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, ही पद्धत त्यांच्या पिढीला पाठ होती आणि मी ती डायचे पैसे मोजून लग्नपत्रिकेवर छापायला निघाले होते. डाय फुकट गेली, पैसे माझे गेले. पण तेव्हापासून मी कामाची पद्धतच बदलली, ती इथे पायरीपायरीने लिहितेय. उदाहरणं बरीचशी पत्रिकेची आहेत कारण तिथे रूढी अगदी उघड्यावर दिसते, पण मेनूकार्ड, बोर्ड, पाकीट, नाटकाची जाहिरात, इंटिरियर कशालाही थोडीफार लावता येईल.

पायरी १: आधी जुनं गोळा करा, आणि ते क्लायंटच्याच घरातलं

पिंटरेस्ट उघडू नका, निदान पहिले दोन दिवस. क्लायंटला सांगा की घरातल्या गेल्या दहापंधरा वर्षांतल्या जेवढ्या पत्रिका सापडतील तेवढ्या द्या. लोक हसतात, पण प्रत्येक मराठी घरात कपाटात कुठेतरी प्लास्टिकच्या पिशवीत एक गठ्ठा असतोच. पंधरावीस पत्रिका जमिनीवर पसरायच्या आणि फक्त काय काय परत परत येतंय ते वहीत लिहायचं. वर गणपती, त्याखाली ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥, मग ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’, चि. आणि चि. सौ. कां., आजीआजोबांची नावं, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, खाली एखाद्या चिमुरड्याच्या नावाने ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ आणि एका कोपऱ्यात ‘कृपया आहेर आणू नये’. एखाद्या घरच्या सगळ्या पत्रिकांवर ग्रामदैवताचं नाव असेल, शेजारच्या घरी नसेल. रूढी म्हणजे ‘महाराष्ट्रीय संस्कृती’ वगैरे मोठी गोष्ट धरून चालू नका, ती बऱ्याचदा त्या एका घराची असते.

बोर्ड करायचा असेल तर हेच ठाण्याच्या गोखले रोडसारख्या दुकानांच्या रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन करा, दोन्ही फुटपाथनी, आणि फोटो गर्दीच्या वेळी काढा, म्हणजे माणसांच्या डोक्यांवरून बोर्डाचा नेमका किती भाग दिसतो ते कळतं.

पायरी २: तीन ढीग करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, बाकीचं त्यामानाने सोपं आहे. वहीत लिहिलेली प्रत्येक गोष्ट तीनपैकी एका ढिगात टाकायची: कामाची, मनाची, सवयीची.

कामाची म्हणजे ती काढली तर कोणाचं तरी अडतं. माझंच उदाहरण. एका पत्रिकेत पत्त्याची ओळ दुसऱ्या ओळीत तुटत होती, ते डोळ्याला खुपत होतं, म्हणून मी ‘ठाणे (पूर्व)’ मधलं ‘(पूर्व)’ उडवलं. हॉल कोपरीत. ठाण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको काय झालं असेल, कोपरी पूर्वेला, आणि निम्मं वऱ्हाड सवयीने स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं आणि भर मे महिन्यात नटूनथटून, हातात आहेराच्या पिशव्या घेऊन पुलावरून परत पूर्वेला गेलं. तो कंस दिसायला कुरूप होता हे मी आजही म्हणेन, पण तो काम करत होता.

काही कामाच्या गोष्टी तर सरळ कायद्याच्या असतात, तिथे हटकेपणा करायला जागाच नाही. महाराष्ट्रात दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानालाही देवनागरीत मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, त्यामुळे ‘मोठं इंग्रजी, खाली बारीक मराठी’ असा लेआउट घेऊन कोणी आलं तर तिथेच थांबवा. खाण्याच्या पाकिटावर शाकाहाराचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, हे तुमच्या कलरपॅलेटमध्ये बसत नसेल तर पॅलेट बदला. बारकोडचंही तसंच. एका मसालेवाल्या ताईंना तिखटाच्या पाकिटावर बारकोड लाल रेघांचा हवा होता, आणि कल्पना वाईट नव्हती, पण दुकानातल्या स्कॅनरचा उजेड बहुतेक लालच असतो, त्यात लाल रेघा त्याला पांढऱ्याच वाटतात, म्हणजे बिलच होणार नाही. नेहमीच्या ईएएन-१३ बारकोडची मूळ रुंदी ३७.२९ मिलिमीटर, ती ऐंशी टक्क्यांच्या खाली नेऊ नका. तिथे वाचणारं मशीन आहे, त्याला तुमची कलात्मकता कळत नाही.

मनाची गोष्ट म्हणजे काढली तरी कोणाचं अडत नाही, पण कोणाला तरी लागतं. गणपती नसला तरी लोक हॉलवर पोचतील. नावांचा क्रम बदलला तरी लग्न लागेल, पण पुढची वीस वर्षं मोठ्या काकू त्यावरून बोलतील. कोपऱ्याची गोष्ट वर सांगितलीच. ही यादी तुम्हाला स्वतःहून कळत नाही, विचारावीच लागते, आणि विचारायची ती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला. ‘आजी, यातलं काय नसलं तर चुकल्यासारखं वाटेल?’ एवढा एकच प्रश्न, आणि मग गप्प बसायचं. लग्न ठरलेली मुलं याची उत्तरं देऊ शकत नाहीत, त्यांना वाटतं घरच्यांना काही फरक पडत नाही.

उरली सवयीची. ही काढली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. तो चकचकीत सोनेरी वेलबुट्टीचा पट्टा, तीन वेगवेगळे फॉन्ट, लाल मजकुराला पिवळी सावली, पाठीमागे फिकट गुलाबाचं फूल, आणि ‘शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे’ ही ओळ, जी वाचून सगळी भावंडं फिदीफिदी हसतात आणि तरी ती जुन्या मजकुरातून कॉपी होऊन पुढच्या पत्रिकेत येते. तुमचं नवं काम या ढिगातून निघालं पाहिजे. इथे काहीही मोडा, कोणी भांडायला येणार नाही.

ढीग ठरत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. जुन्या पत्रिकेवर ती गोष्ट अंगठ्याने झाका आणि घरातल्या तिघांना दाखवा. कोणी ‘इथे काय होतं?’ विचारलं तर कामाची, कोणी अंगठा बाजूला करायला सांगितला तर मनाची, आणि कोणालाच काही वाटलं नाही तर उडवा.

पायरी ३: बदल एकाच जागी करा आणि सगळी ताकद तिथे लावा

नवीन मुलं कागद वेगळा, आकार वेगळा, भाषा वेगळी, रंग वेगळे असं सगळीकडे थोडं थोडं वेगळं करतात, आणि मग हातात येते ती पत्रिका आहे की साडीच्या सेलची जाहिरात तेच कळत नाही. वाचणाऱ्याला ओळखीचं काहीतरी धरायला लागतं, ते दिलंत तर उरलेल्या एका जागी तो तुमच्याबरोबर बराच लांब येतो.

हे एका कामात मला नीट जमलं. मुलगी ठाण्याची, मुलगा नेरूळचा, दोघंही ट्रान्सहार्बरने, म्हणजे ठाणे ते नवी मुंबई लोकलने, ये-जा करणारे आणि ओळख त्याच गाडीतली. त्यांची मागणी होती की पत्रिका रेल्वेच्या तिकिटासारखी करा. मी सरळ नाही म्हटलं, कारण तिकिटाची पत्रिका, पासपोर्टची पत्रिका, आधारकार्डाची पत्रिका हे आता इतकं झालंय की तीच एक रूढी झालीय, आणि तीही आजीच्या कामाची नसलेली. मग मी काय केलं, तर पत्रिका पूर्ण पारंपरिक ठेवली. गणपती, कुलदैवत, नावांचा क्रम, मुहूर्त, सगळं जिथल्या तिथे, भडकपणा काढून. फक्त वरचा सोनेरी वेलबुट्टीचा पट्टा काढला, जो सवयीच्या ढिगातला होता, आणि तिथे आंब्याच्या पानांचं तोरण काढलं. प्रत्येक पानाच्या देठाखाली बारीक अक्षरात एकेक स्टेशन: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरूळ. पहिल्या आणि शेवटच्या पानावर कुंकवाचा ठिपका.

आजीला तोरण दिसलं, ऑफिसच्या मित्रांना लाइन दिसली. दोघांनाही काही समजावून सांगावं लागलं नाही, आणि माझ्या मते काम जमलंय की नाही याची खूण हीच. (प्रूफ बघताना नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं, ‘दिघा कुठंय?’ दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि मी अजून जुन्याच लाइनमध्ये होते. पान नववं वाढवलं. नावीन्य दाखवायला गेलात की तपशिलाची चूक दुप्पट दिसते, हे ध्यानात ठेवा.)

याच लाइनने नेरूळच्या पुढे बेलापूरला गेलात तर आर्टिस्ट व्हिलेज नक्की बघून या, या विषयावरचा माझ्या माहितीतला सगळ्यात चांगला धडा तिथे आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात ती वसाहत डिझाइन केली. सात घरं एका छोट्या अंगणाभोवती, अशी तीन अंगणं मिळून एक मोठं अंगण, आणि घरांच्या भिंती एकमेकांना चिकटलेल्या नाहीत, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. अंगण, ओटा, उतरतं छप्पर हे सगळं आपल्या गावाकडचं, पण ते असं रचणं त्यांचं. आज तिथे गेलात तर बरीच घरं ओळखू येत नाहीत, लोकांनी मजले चढवले, टाइल्स लावल्या, ग्रिल लावले. पण अंगणाची रचना अजून कळते. घर कसं दिसावं हे त्यांनी हातात धरून ठेवलं नाही, धरलं ते अंगण.

पायरी ४: लिपीचे नियम मोडायच्या आधी माहीत करून घ्या

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितेय कारण इथे ‘वेगळेपणा’ बऱ्याचदा इंग्रजी डिझाइनची नक्कल असते. इंग्रजीत कॅपिटल अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली की श्रीमंत दिसतं, म्हणून लोक मराठी नावालाही तेच ट्रॅकिंग (अक्षरांमधली वाढीव जागा) देतात आणि शिरोरेखा तुटून अक्षरं दात पडल्यासारखी दिसतात. मोकळेपणा हवा असेल तर अक्षरांमधला नको, ओळींमधला वाढवा, तसाही वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे देवनागरीला ओळींत जास्त जागा लागते. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो, बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळण येतं, काहींत सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की मराठी वळण मिळतं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

शिरोरेखा मुद्दाम तोडायची असेल तर जरूर तोडा, फक्त शब्दाच्या अर्थासाठी तोडा. कमल शेडगे यांनी (२०२० मध्ये ते गेले) आयुष्यभर मराठी नाटकांची शीर्षकं अशीच काढली, पेपरातल्या जाहिरातीत चार अक्षरांवरून नाटक विनोदी आहे की रहस्याचं ते कळायचं. ठाण्यातल्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या बाहेरचे बोर्ड वाचत मोठी झालेली आम्ही मुलं अक्षरं बघायला तिथेच शिकलो. शेडग्यांनी अक्षर कितीही वाकवलं तरी रस्त्याच्या पलीकडून ते वाचता यायचं.

पायरी ५: दाखवताना

दोन पर्याय दाखवा, तीन नाही. एक जवळजवळ रूढ, पण इतका नेटका की तोच निवडला गेला तरी तुम्हाला लाज वाटणार नाही, आणि एक तुमचा. मुद्दाम वाईट पर्याय मधे ठेवायची जुनी ट्रिक करू नका, क्लायंट हमखास तोच निवडतो, माझा दोनदा निवडलाय.

पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होऊ नका. खऱ्या मापात प्रिंट काढा, घडी घाला, घरी जा, आणि ती आधी निर्णय घेणाऱ्याच्या नाही, सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या. काही सांगू नका. त्यांनी चष्मा शोधला, पत्रिका लांब धरली, उलटी केली, सगळं बघा. मग परत घ्या आणि विचारा, ‘आजोबा, लग्न कधी आहे आणि कुठे?’ सांगता आलं तर तुमचा पर्याय पास. नाही आलं तर तिथे वाद घालू नका, घरी येऊन मुहूर्ताचा आकार वाढवा.

बोलतानाही ‘मिनिमल’, ‘कंटेम्पररी’ वगैरे शब्द टाळा. मी म्हणते, ‘काका, गणपती आहे तिथेच आहे, नावं तुमच्या क्रमाने आहेत, फक्त हा पट्टा बदललाय, तो यासाठी.’ काय काय हलवलं नाही ते आधी सांगितलं की समोरचा माणूस सैल होऊन बसतो, आणि मग बदललेली गोष्ट तो खरंच बघतो.

पायरी ६: प्रेस आणि कुंकू

चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा जागा), रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग), फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून, फाइल द्या, नाहीतर प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो आणि ‘ऱ्हा’ची वाट लागते. हे सगळे सांगतात. न सांगितलेलं एक सांगते. पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात आणि कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. तुम्ही हौसेने वेल्व्हेट लॅमिनेशन केलंत तर कुंकू टिकत नाही, घसरतं किंवा बोट फिरवलं की सगळीकडे फरफटतं, आणि ज्या घरात हे होतं तिथे ते शकुन-अपशकुनापर्यंत जातं. म्हणून कागद फायनल करायच्या आधी नमुन्याला मी खरंच ओलं बोट करून कुंकू लावून बघते. अनकोटेड (लेप नसलेला), थोडा खरखरीत कागद छान धरतो. पाकिटावर बॉलपेनने नाव लिहूनही बघा, काळ्या किंवा मेटॅलिक पाकिटावर पाचशे नावं लिहायला बसलेला मामा तुम्हाला काय काय म्हणेल ते ऐकायला लागू नये.

पायरी ७: पैसे

थोडक्यात. कोटेशनमध्ये बदलांच्या किती फेऱ्या ते लिहा, मजकूर घरातल्या एकाच माणसाकडून येईल आणि प्रूफवर त्याचीच सही असेल हेही लिहा. नावांच्या क्रमावरून दोन घरांत जे चालतं त्यात डिझाइनरने पडायचं नसतं. दुसऱ्याचं चित्र किंवा लेटरिंग ‘प्रेरणा’ म्हणून उचलू नका, आपल्याकडे कॉपीराइट कलाकाराच्या हयातीनंतरही ६० वर्षं राहतो.

आणि हटके अजिबात करायचं नाही तेव्हा

गेल्या वर्षी त्याच तोरणवाल्या घरातून फोन आला. आजी गेल्या होत्या, दशक्रियेची पत्रिका हवी होती, आणि मुलगी म्हणाली, ‘ताई, तिच्यासाठी काहीतरी छान करा ना.’ मी पांढरा कागद घेतला, काळी बारीक चौकट, फोटो, कै. लावून नाव, दिवस, वेळ, घाट, खाली शोकाकुल परिवार. फॉन्ट एक, मोठा, त्यांच्या बरोबरीच्या लोकांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा. पत्त्याच्या ओळीत ‘ठाणे (पूर्व)’ कंसासकट ठेवलं, ओळ तुटली तरी तुटू दिली. बिल लावलं नाही.